उसाभोवती जमलेले विज्ञान

ऊस तोडला की त्यातली साखर घटू लागते. इन्व्हर्टेज हे विकर सुक्रोजचे विघटन करून ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार करते. या शर्करांचे स्फटिक सहजी होत नाहीत. उलट त्या सुक्रोजच्या स्फटिकीकरणात अडथळा आणतात. म्हणून ऊस शक्यतो चोवीस तासांत गाळावा लागतो. शेत आणि कारखाना यांची गाठ रसायनशास्त्राने अशी घातली आहे. तिच्याभोवती महाराष्ट्रात संशोधन कसे उभे राहिले, ते आपण पाहू.

१९१२ मध्ये कोइमतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झाले. बार्बर आणि वेंकटरामन यांनी जाड, गोड ऊस आणि त्याचा काटक रानटी भाऊबंद यांचा संकर केला. त्यातून १९१८ मध्ये ‘को २०५’ हा वाण मिळाला. पण कोइमतूरचे वाण दख्खनच्या जमिनीत कसे वाढतात, हे इथेच पाहायला हवे होते. त्यासाठी १९३२ मध्ये नीरा कालव्याच्या टापूत पाडेगावचे संशोधन केंद्र निघाले.

१९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. खाजगी कारखान्याला ऊस विकला की शेतकरी मोकळा होई. आता तोच मालक झाला. साखरेचा उतारा वाढला तर लाभ त्याचाच. त्यामुळे अशा कारखान्यांच्या शेतकी विभागांनी बेणेमळे, माती परीक्षण, तोडणीचा कार्यक्रम ही कामे अंगावर घेतली. १९७५ मध्ये कारखानदारांनी आपली संशोधन संस्थाही काढली. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ती हीच. ‘को ८६०३२’ हा वाण कोइमतूरला निपजला, पाडेगावला पारखला गेला आणि बेणेमळ्यांतून शिवारात पसरला. मळीपासून अल्कोहोल आणि चिपाडापासून वीज हे उद्योगही त्याच आवारात वाढले.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या पिकाला कारखाना मिळाला, त्याच्याकडे पैसा, पाणी आणि आम्हां संशोधकांचे लक्षही वळले. थोड्या क्षेत्रावरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा घेतो. कोरडवाहू ज्वारी-तुरीलाही संशोधन केंद्रे लाभली. पण उतारा वाढला तर ज्याचा थेट फायदा होईल, असा मालक-शेतकऱ्यांचा कारखाना त्यांच्यामागे उभा राहिला नाही.

आपल्या शाळेच्या परिसरातले एखादे पीक घ्या. त्याचे बियाणे कोठून येते, माल कोठे जातो आणि नफा कोणाकडे राहतो, हे विद्यार्थ्यांना शोधू द्या. साखळी कोठे तुटली आहे, ते त्यांनाच दिसेल.