मुडदूस, क्वार्ट्‌झचा दिवा आणि दुसरा हात

१/५
१९१९. युद्धात हरलेल्या बर्लिनमध्ये मुलांना अन्न अपुरे होते आणि हिवाळ्यात ऊनही दुर्मीळ. मुडदुसाने हाडे मऊ पडून त्यांचे पाय वाकत होते.

२/५
उन्हाचा उपाय नवा नव्हता. १८२२ मध्ये पोलिश वैद्य येंजेय श्न्यादेत्स्की यांनी तो सुचवला होता. १८९० मध्ये डॉ. थिओबाल्ड पाम यांनी देशोदेशींची माहिती जमवून तेच मांडले. वैद्यकविश्वाने फारसे लक्ष दिले नाही.

३/५
कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या दिव्याचे अतिनील किरण सोडले. क्ष-किरण चित्रांत हाडे भरून येताना दिसली. किरण एकाच हातावर टाकले, तरी दुसरा हातही सुधारला! म्हणजे त्वचेत काही द्रव्य तयार होऊन रक्तावाटे सर्वत्र पोहोचत होते.

४/५
ते द्रव्य म्हणजे ड जीवनसत्त्व. ते घडवणारे किरण साधी काच अडवते. म्हणून दिव्याला क्वार्ट्‌झ लागले. बंद खिडकीआडचे ऊन या कामी निरुपयोगी ठरते, ते याचमुळे.

५/५
मात्र अधिक ऊन म्हणजे अधिक जीवनसत्त्व नव्हे. ठरावीक मर्यादेनंतर त्वचेतील जादा द्रव्य त्याच उन्हाने निष्क्रिय होते. पुढे केवळ त्वचा भाजते. सावळ्या त्वचेला वेळ अधिक लागतो. पण ती पोळण्याआधी सावली गाठणे सर्वांनाच हिताचे.