एक ऑगस्ट

महाराष्ट्रात महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते आणि ३१ जुलैला संपते. तलाठी नव्या वर्षाचे हिशेब उघडतो तोवर खरिपाची पेरणी बहुतेक ठिकाणी उरकलेली असते. महसूल खाते हा दिवस ‘महसूल दिन’ म्हणून पाळते. शाळांच्या फळ्यावर मात्र त्या सकाळी दोन नावे असतात : लोकमान्य टिळक पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे जयंती. दोन्ही घटना एकाच तारखेच्या तर आहेतच, शिवाय एकाच वर्षाच्या, १९२० च्या आहेत.

या तारखेची जगाच्या इतिहासातली मोठी नोंद १८३४ ची. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी बंद करणारा कायदा त्या वर्षी १ ऑगस्टला अंमलात आला. मॉरिशसमध्ये तो लागू व्हायला १ फेब्रुवारी १८३५ उजाडले, पण उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला तिथे त्याआधीच, नोव्हेंबर १८३४ मध्ये, सुरुवात झाली होती. पुढे मुंबई बंदरातूनही मजुरांची जहाजे सुटली. मॉरिशसमधला आजचा मराठी समाज त्यांचाच वंशज. गुलामांच्या सुटकेची तारीख अशी अप्रत्यक्षपणे मराठी स्थलांतराच्या इतिहासातही येते.

१९२० मध्ये गांधीजींनी असहकाराचा आरंभ १ ऑगस्टला करायचे जाहीर केले होते. टिळक तेव्हा मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरले होते. जुलैअखेर त्यांचे दुखणे बळावले आणि ३१ जुलैची मध्यरात्र उलटल्यावर थोड्याच वेळात त्यांचे निधन झाले. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो. त्या हिशेबाने ती रात्र आदल्या दिवसाचीच ठरते, आणि पुण्यतिथीची १ ऑगस्ट ही तारीख इंग्रजी घड्याळाने दिलेली आहे. पहाटेपासून सरदारगृहापुढे लोक जमू लागले. रविवार होता, पाऊस होता, तरी अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी मुंबईने तोवर पाहिली नव्हती. गांधीजींनी आणि शौकत अली यांनी तिरडीला खांदा दिला. गिरगाव चौपाटी हे स्मशान नव्हे. तिथे अंत्यसंस्कार करण्यासाठी खास परवानगी घ्यावी लागली. त्याच तारखेच्या पत्राने गांधीजींनी व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांच्याकडे आपले ‘कैसर-इ-हिंद’ सुवर्णपदक परत धाडले. एक पर्व संपून दुसरे सुरू झाले असे लिहिण्याचा मोह इतिहासकारांना इथे आवरत नाही. पण असहकाराची तारीख आधीच ठरलेली होती, मृत्यूशी तिचा संबंध नव्हता. संबंध जोडला गेला तो नंतर, आणि जाणूनबुजून. टिळकांच्या नावाने एक कोटी रुपयांचा स्वराज्य फंड उभारण्यात आला, आणि पहिल्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी, ३१ जुलै १९२१ रोजी, परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात परदेशी कापडाची मोठी होळी पेटवण्यात आली.

टिळक गेले त्याच १ ऑगस्टला वाळवा तालुक्यातल्या वाटेगावी, एका मातंग कुटुंबात, तुकाराम भाऊराव साठे जन्मले. तेच अण्णा भाऊ. शाळेशी त्यांचा संबंध जेमतेम आला. घरच्यांबरोबर पायी मुंबई गाठली, गिरणीत काम केले, कम्युनिस्ट चळवळीत शिरले आणि १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ ची, आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली. १९६१ मध्ये ते रशियाला जाऊन आले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली त्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड आजही गायली जाते. १८ जुलै १९६९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

एक सूर्य मावळला आणि दुसरा उगवला, असे जयंतीच्या भाषणांत ठोकून देण्याची रीत आहे. ती दोघांवरही अन्याय करते. मार्च १९१८ मध्ये मुंबईच्या अस्पृश्यता निवारण परिषदेत टिळकांनी अस्पृश्यतेविरुद्ध जोरदार भाषण केले, मात्र जाहीरनाम्यावर सही करायचे टाळले. अण्णा भाऊंचे सारे लेखन त्या न झालेल्या सहीच्या पलीकडच्या माणसांबद्दल आहे. खरा दुवा शोधायचा तर तो गिरणगावात सापडतो. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, आणि लेनिनने त्याची दखल घेतली. अण्णा भाऊ पुढे ज्यांच्यासाठी डफ घेऊन उभे राहिले, ते याच वर्गाचे लोक. १ ऑगस्ट १९१३ ला जन्मलेले भगवान पालव, म्हणजे ‘अलबेला’चे भगवानदादा, तेही गिरणी कामगाराचेच पोर.

२०२४ च्या १ ऑगस्टने या तारखेच्या नोंदींत आणखी भर घातली. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने अनुसूचित जातींच्या आरक्षणात उपवर्गीकरणाला परवानगी दिली. महाराष्ट्रात ही मागणी लावून धरली होती ती मातंग समाजाने, त्यामुळे अण्णा भाऊंच्या जयंतीलाच निकाल आल्याची चर्चा झाली नसती तरच नवल. त्याच दुपारी ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या पदकानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली.