चालक साहाय्य केंद्र : कार्य आणि मर्यादा

मोबाइल ॲपवरून टॅक्सी व रिक्षा सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांचे प्रतिनिधी ज्या कार्यालयात चालकांना प्रत्यक्ष भेटतात, त्यास चालक साहाय्य केंद्र म्हणता येईल. ओला कंपनीची स्थापना २०१० मध्ये झाली. उबरने २०१३ मध्ये बंगळुरू येथून भारतात सेवा सुरू केली. प्रवाशाचा व्यवहार मोबाइलवरच संपतो. चालकाचे मात्र तसे नसते.

नव्या चालकाची नोंदणी हे केंद्रातील नित्याचे काम. वाहन चालविण्याचा परवाना, वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र, परमिट, विमा, योग्यता प्रमाणपत्र व पोलीस पडताळणी यांची येथे छाननी होते. परवान्यावरील आणि आधारपत्रावरील नावात एका अक्षराचा फरक असला, तरी अर्ज अडकू शकतो. याखेरीज थकीत रक्कम, कापलेले कमिशन आणि न मिळालेला प्रोत्साहन भत्ता यांविषयीच्या तक्रारीही येतात.

खरी कसोटी लागते ती 'आयडी बंद' झालेला चालक समोर आल्यावर. उबरने २०१७ मध्ये भारतात चालकाच्या छायाचित्राद्वारे ओळख पटविण्याची पद्धत आणली. अपुरा प्रकाश किंवा वाढलेली दाढी यांमुळेही अशी पडताळणी फसू शकते. प्रवाशाची गंभीर तक्रार हेही खाते बंद होण्याचे एक कारण असते. काम थांबले तरी वाहनकर्जाचा हप्ता थांबत नाही. त्यामुळे चालकाचा संताप स्वाभाविक असतो. तो ऐकून घेतो खिडकीवरचा कर्मचारी, परंतु खाते पुन्हा सुरू करण्याचा अधिकार बहुधा त्याच्याकडे नसतो. तो तक्रार नोंदवून वरिष्ठ विभागाकडे पाठवितो. अशा वेळी "उद्या होईल" असे खोटे आश्वासन देण्यापेक्षा खाते नेमके कशामुळे बंद झाले आणि कोणता कागद हवा, हे चालकाला समजेल अशा भाषेत सांगणे अधिक उपयोगाचे ठरते. मुंबईत त्यासाठी मराठीइतकीच हिंदीही लागते.

कर्नाटकने २०२५ मध्ये केलेल्या गिग कामगारविषयक कायद्यानुसार, कामगाराला काढून टाकण्यापूर्वी लेखी कारणे व १४ दिवसांची पूर्वसूचना देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. कोणास शारीरिक इजा झाल्याच्या प्रकरणांत मात्र ही पूर्वसूचना आवश्यक नाही.