लोडवर जुना ट्रॅक्टर मिस मारतोय? पंप खोलण्याआधी धूर बघा

बुलढाणा : रिकामा ट्रॅक्टर रस्त्यानं नीट पळतो, पण नांगर जमिनीत टेकला की मिस मारतो, आवाज बसतो, कधी बंदच पडतो. घाटाखाली पूर्णाकाठच्या भारी काळ्या रानात हा दोष लगेच उघडा पडतो. वाफसा चार दिवसांचा असतो, म्हणून घाईत पहिला संशय पंपावर जातो अन् पंप खोलून तालुक्याला नेला जातो. दोष मात्र बऱ्याचदा फिल्टरमध्ये किंवा नळीत निघतो.

मोबाईलवरच्या काही व्हिडिओत स्पार्क प्लग, कॉइल तपासायला सांगतात. तो पेट्रोल इंजिनाचा कारभार. आपल्याकडच्या डिझेल ट्रॅक्टरला ठिणगी लागतच नाही.

आधी लोडवर सायलेन्सरकडे बघा. ताकद गेली पण धूर फारसा नाही, म्हणजे डिझेलच पोहोचत नाही. काळा धूर असेल तर हवा कमी पडते किंवा नोझल फवारा न मारता टपकतंय. अर्थात वरच्या गिअरमध्ये झेपत नसलेला लोड ओढला तरी काळा धूर येतोच. इंजिन गरम होऊनही पांढरा धूर राहिला तर नोझल, डिझेलमधलं पाणी किंवा कमी झालेलं कॉम्प्रेशन. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, तिथं फिल्टर बदलून उपयोग नाही.

डिझेल कमी पडत असेल तर टाकीचं झाकण सैल करून पाहा. झाकणाचं छिद्र धुळीनं बुजलं की टाकीत हवा शिरत नाही अन् डिझेल ओढलं जात नाही. सैल करताच ट्रॅक्टरनं दम धरला तर काम तिथंच झालं. नसेल तर टाकीचा कॉक, फीड पंपाची जाळी अन् दोन्ही फिल्टर बघा. कॅननं आणलेलं डिझेल ओतत असाल तर सकाळी इंजिन सुरू करण्याआधी फिल्टरखालचा बोल्ट सैल करून तळाचं पाणी सोडा.

फसवणारा दोष म्हणजे फीड पंपाच्या अलीकडची चिरलेली नळी. तिथून डिझेल गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते, त्यामुळे बाहेरून काहीच दिसत नाही. नळी, वॉशर बदलून हँड प्रायमर मारा अन् बुडबुडे थांबेपर्यंत आधी पहिल्या, मग दुसऱ्या फिल्टरची, शेवटी पंपाची हवा काढा.

काळ्या धुरासाठी एअर क्लीनर उघडा. सोयाबीनच्या मळणीनंतर जाळीत भुसा अन् वाटीत ऑइलऐवजी चिखल सापडतो. ऑइल खुणेपर्यंतच भरा.

एकच सिलिंडर मिस मारत असेल तर इंजिन स्लोवर ठेवून एकेका नोझलच्या पाईपाचा नट थोडा सैल करा. ज्याच्यानं आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. हात अन् तोंड लांब ठेवा. या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं. तसं झालं तर जखम बारीक दिसली तरी लगेच दवाखाना गाठा.

एवढं करूनही फरक नसेल तर आधी सगळे नोझल काढून दुकानात दाब अन् फवारा तपासून घ्या. ते ठीक निघाले अन् कॉम्प्रेशनही बरोबर असलं, तरच पंप खोलू द्या.