आईच्या नावाने ओळखले जाणारे राजे



गोदावरीकाठचे पैठण आपण पैठणीमुळे ओळखतो. परंतु सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी 'प्रतिष्ठान' या नावाने हेच नगर सातवाहन साम्राज्याची राजधानी होते. येथील मौल्यवान दगड गाड्यांतून भडोच बंदरास जात, असे एका जुन्या ग्रीक ग्रंथात नमूद आहे. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात राणी नागनिकेचा शिलालेख आजही आहे. यज्ञ व दाने यांची नोंद त्यात वाचावयास मिळते.

याच घराण्यातील गौतमीपुत्र सातकर्णीने नहपान राजाचा पराभव केला. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर सातकर्णीने आपला छाप उमटविलेला होता. या विजयाची हकिकत सांगितली कोणी? त्याच्या मातेने! गौतमी बलश्रीने नातू पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षी नाशिकला भिक्षूंना लेणे दान दिले, तेव्हा कोरलेल्या लेखात ती आहे. पुत्र 'गौतमीपुत्र', तर नातू 'वासिष्ठीपुत्र'. दोघांची ओळख आईच्या नावाने.

साम्राज्य लयास गेले, राजवाडे मातीत मिळाले. पण दोन स्त्रियांचे लेख उरले व त्यांवरूनच आपण हा इतिहास शिकतो. पालकहो, मुलगी दहावी झाली, आता शाळा पुरे, असे मनात आले तर एवढे अवश्य आठवा. घराचा इतिहास पुढे नेणारा हात तिचाही असू शकतो.