महाराजबाग अन् गोरेवाडा : प्राणिसंग्रहालयाला विद्यापीठाची जोड

हिंगणघाट : शाळेची सहल नागपूरला गेली की महाराजबाग आलीच. भोसलेकालीन या बागेत १८९४ मध्ये प्राणिसंग्रहालय सुरू झाले. ते चालवते डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नागपूर येथील कृषी महाविद्यालय.

काटोल रोडवरील गोरेवाड्यात मात्र काम वाटून घेतलेले आहे. प्राणी उद्यान वन विकास महामंडळाकडे आहे. तिथली इंडियन सफारी २६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली. वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे, म्हणजे 'माफसू'चे. वन्यप्राण्यांच्या आजारांचे निदान, शवविच्छेदन आणि पशुवैद्यकांचे प्रशिक्षण ही त्याची कामे. जखमी किंवा पकडलेले वाघ-बिबटे शेजारच्या बचाव केंद्रात आणले जातात.

हिंगणघाट-समुद्रपूर पट्ट्यातल्या शेतकऱ्याला याचा उपयोग काय? या शास्त्रातल्या दोन गोष्टी थेट गावाच्या कामाच्या आहेत. पहिली, कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोग वाघ-बिबट्यालाही होऊ शकतो. म्हणून गावातल्या कुत्र्यांना लस हवी. दुसरी, शेतात एकटे दिसलेले बिबट्याचे पिल्लू अनाथ असतेच असे नाही. आई बहुधा रात्री त्याला न्यायला येते. पिल्लाला हात लावू नये, गर्दी करू नये. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

सहलीला गेलेल्या पोरांनी वाघ तर पाहावाच, पण त्याला कोणते आजार होतात अन् ते कसे ओळखतात, हेही तिथे विचारून यावे.