खुले तळे आणि बंद मॉडेम

"लिनक्स अवघड आहे, तुमच्याच्याने नाही चालणार." २००० सालच्या आसपास वस्तीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर इंटरनेट लावू पाहणाऱ्या आम्हा पोरांना हे किती वेळा ऐकावे लागले! आणि आम्ही ते मुकाट मान्य केले. मित्रांनो, दोष लिनक्सचा नव्हता, आमच्या डोक्याचा तर मुळीच नव्हता.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. ते फोनच्या तारेवरून यायचे, म्हणून मॉडेम लागे. कॉम्प्युटरमधल्या माहितीचा आवाज करून तारेवर सोडायचा आणि पलीकडून आलेल्या आवाजाची पुन्हा माहिती करायची, हे त्याचे काम. बाहेरून जोडायचा मॉडेम हे स्वतःच करी. सिरियल पोर्टला लावा, 'एटीडीटी' लिहून पुढे नंबर द्या, तो फोन फिरवणार. हेज कंपनीने १९८१ मध्ये आणलेली ही आज्ञांची भाषा सर्वांना ठाऊक होती, म्हणून असला मॉडेम लिनक्सवर सहसा कुरकुर न करता चाले.

पुढे कंपन्यांनी खर्च वाचवण्यासाठी मॉडेमचा मेंदूच काढला आणि त्याचे काम कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर ढकलले. त्यासाठी लागणारा प्रोग्राम विंडोजपुरताच दिला, आणि कार्ड आतून कसे चालते ही माहिती कुलुपात ठेवली. हाच तो विनमॉडेम. स्वस्त कॉम्प्युटरमध्ये हेच कार्ड असायचे, आणि आमच्यापर्यंत पोचायचे ते स्वस्तातलेच! "बाहेरचा मॉडेम विकत घ्या," असे जाणकार सांगत. सल्ला अचूक होता, फक्त खिसा त्यांचा गृहीत धरलेला.

वाटा निघाल्या, पण कशा? ल्युसेंटच्या चिपसाठी ड्रायव्हर मिळे, त्याचा गाभा मात्र बंद. वरचे आवरण आपल्या कर्नलप्रमाणे कंपाइल करायचे, कर्नल बदलला की पुन्हा पहिल्यापासून. कोनेक्झंटच्या चिपसाठी लिनक्संट कंपनीचा ड्रायव्हर होता. फुकटात वेग १४.४ केबीपीएस, पूर्ण ५६ हवा तर पैसे मोजा. म्हणजे गरिबाला चौथाई!

इथे महाड आठवल्याशिवाय राहत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला, महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तसा ठराव केला. कागदावर तळे खुले होते. तरीही पाणी हाती घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. मॉडेमची आणि पाण्याची बरोबरी आम्ही करत नाही. कार्डामुळे कुणाची डोकी फुटली नाहीत, महाडात फुटली. पण 'खुले आहे' आणि 'मिळते आहे' यांतले अंतर बाबासाहेबांमुळे आम्हाला लवकर ओळखता येते, यायलाच हवे.

म्हणून "सॉफ्टवेअरच्या जगात जात नाही, फक्त गुणवत्ता आहे, कोड सर्वांसाठी मोकळा आहे" असे कुणी ऐकवले की आम्ही विचारतो: त्या काळी घरात फोन कुणाच्या होता? अडले तर वाचायची मार्गदर्शिका कोणत्या भाषेत होती? रात्रभर कर्नल कंपाइल करत बसायची सवड कुणाला होती, आणि सकाळी सहाला कामावर कुणाला जायचे होते?

आमचे कनेक्शन शेवटी लागले ते भंगारवाल्याकडून आणलेल्या एका बाहेरच्या मॉडेमवर. झाकण फुटलेले, एक दिवा गेलेला. 'एटी' टाइप केले आणि समोर 'ओके' आले. त्या पहिल्याच रात्री शिट्टीचा आवाज ऐकून शेजारच्या मावशी विचारायला आल्या, कुकर लावलाय का रे पोरांनो एवढ्या रात्री?